एसआर-२२: अमेरिकेतल्या ‘वाईट’ ड्रायव्हरचा छोटा इतिहास

एसआर-२२ हे नाव ऐकून एखाद्या रायफलचं किंवा विमानाचं मॉडेल डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तो एक कागद आहे, आणि आता तर कागदही राहिलेला नाही. विमा कंपनीच्या संगणकाने राज्य सरकारच्या संगणकाला पाठवलेला तो एक निरोप असतो: या माणसाचा विमा आमच्याकडे आहे, कायद्याने सांगितलेल्या किमान रकमेइतका आहे, आणि तो बंद पडला तर आम्ही तुम्हाला कळवू.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, विम्याशिवाय कुणाला धडक दिली किंवा परवाना निलंबित असताना गाडी काढली, की बऱ्याच राज्यांत परवाना परत मिळवण्यासाठी हा निरोप लागतो. तो साधारण तीन वर्षं चालू ठेवावा लागतो. मध्ये हप्ता चुकला आणि पॉलिसी रद्द झाली, तर कंपनी एसआर-२६ नावाचा दुसरा निरोप पाठवते आणि परवाना पुन्हा जातो. अनेक राज्यांत तीन वर्षांची मोजणीही पहिल्यापासून सुरू होते. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात दारूच्या गुन्ह्यांसाठी एफआर-४४ नावाचा याहून कडक भाऊबंद आहे. फ्लोरिडात त्यासाठी एका माणसाच्या इजेपोटी १ लाख, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेपोटी ३ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीपोटी ५० हजार डॉलर इतकं संरक्षण घ्यावं लागतं.

आपल्याकडे परवाना गेला तर माणूस रिक्षाने जाईल, लोकलने जाईल, मेव्हण्याच्या मागे बसेल. (किंवा तशीच चालवेल, ते सोडा.) अमेरिकेतल्या बहुतेक गावांत बस नाही, फूटपाथ नाही आणि गोदामातली रात्रपाळी पंचवीस मैलांवर असते. परवाना गेला की नोकरी जाते आणि नोकरी गेली की हप्ता भरता येत नाही. म्हणून हा माणूस विमा कुणाकडून विकत घेतो, नाक्यावरच्या एजंटाकडून की फोनवरच्या वेबसाइटवरून, हा प्रश्न दिसायला ग्राहक मार्गदर्शनाचा असला तरी त्याच्या बाबतीत पोटापाण्याचा असतो. आणि त्या प्रश्नाला शंभर वर्षांचा, बराच वेडावाकडा इतिहास आहे.

सुरुवात १९२५ पासून करू. मोटारी वाढल्या होत्या आणि माणसं मरत होती. ज्याने धडक दिली त्याच्याकडे पैसे नसले की जखमी माणसाच्या हाती काहीच लागत नसे. यावर शेजारशेजारच्या दोन राज्यांनी दोन वेगळे उपाय काढले. मॅसॅच्युसेट्सने सरळ सांगितलं की विमा नाही तर गाडीची नोंदणी नाही. १९२५ साली झालेला हा कायदा १९२७ पासून लागू झाला. कनेटिकटने मधला मार्ग काढला. विम्याची सक्ती सगळ्यांवर नाही. मात्र ज्याने अपघात किंवा गंभीर गुन्हा केला, त्याने यापुढे आपण नुकसानभरपाई देऊ शकतो याचा पुरावा द्यायचा. म्हणजे पहिली धडक उधारीवर.

विमा कंपन्यांना कनेटिकटचा मार्ग आवडला, कारण सक्ती आली की सरकार दरही ठरवणार ही त्यांची भीती होती. मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं तसंच झालं. त्यामुळे पुढची तीस वर्षं मॅसॅच्युसेट्स एकटंच राहिलं. न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी सक्ती आणली तेव्हा १९५७ उजाडलं होतं. बाकीची राज्यं कनेटिकटच्या वाटेने गेली. त्या कायद्यांना पुढे ‘सेफ्टी रिस्पॉन्सिबिलिटी’ असं भारदस्त नाव मिळालं आणि एसआर-२२ मधलं एसआर तिथूनच आलं. सगळ्यांना विमा लागू झाल्यावर हा कागद खरं तर निरर्थक व्हायला हवा होता. पण सरकारी फॉर्म मरत नसतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

या कायद्यांचा काच किती होता ते जॉर्जियातल्या पॉल बेल यांच्या खटल्यात दिसतं. ते पाद्री होते. तीन गावखेड्यांतल्या चर्चांमध्ये गाडीने फिरून ते काम करत. १९६८ च्या नोव्हेंबरात पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून येऊन त्यांच्या गाडीच्या बाजूला धडकली. बेल यांच्याकडे विमा नव्हता. मुलीच्या पालकांनी ५,००० डॉलरचा दावा सांगितला आणि राज्याने बेल यांना कळवलं की तेवढी रक्कम तारण ठेवा, नाहीतर परवाना निलंबित. चूक कुणाची, हे विचारायची सोयच कायद्यात नव्हती. चूक नंतर कोर्टात ठरणार, परवाना मात्र आत्ता जाणार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ साली न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकाल लिहिला: ज्या परवान्यावर माणसाचं पोट अवलंबून आहे, तो काढून घेण्याआधी राज्याने किमान त्याची चूक असण्याची शक्यता आहे का, हे तरी सुनावणी घेऊन तपासलं पाहिजे. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही शिकवतात. मला त्यातली ती सायकल विसरता येत नाही. ‘जोखमीचा ड्रायव्हर’ हा शिक्का लागायला इथे गाडी धडकावीही लागली नव्हती.

आता शिक्क्याकडेच वळू. जोखमीचा ड्रायव्हर कोण, हे ठरवतं कोण?

१९२२ साली टेक्सासच्या सॅन अँटोनियोमध्ये अमेरिकन सैन्यातले पंचवीस अधिकारी एका हॉटेलात जमले. त्यांची अडचण अशी होती की त्यांना गाडीचा विमा मिळत नव्हता. सतत बदल्या होणारा, आज या तळावर तर उद्या त्या तळावर असणारा फौजी हा विमा कंपन्यांच्या लेखी वाईट गिऱ्हाईक होता. शेवटी या पंचवीस जणांनी एकमेकांचा विमा उतरवायचं ठरवलं. त्यातून उभी राहिलेली संस्था म्हणजे यूएसएए. पुढे असं दिसलं की हे फौजी अधिकारी गाड्या नीट चालवतात, हप्ते वेळेवर भरतात आणि खोटे दावे करत नाहीत. ज्यांना बाजाराने नाकारलं होतं ते बाजारातले सर्वांत चांगले ग्राहक निघाले.

यूएसएएमध्येच लिओ गुडविन नावाचा एक माणूस नोकरीला होता. हे गणित त्याने जवळून पाहिलं. १९३६ मध्ये, पन्नाशीला आलेला असताना, त्याने बायको लिलियनबरोबर स्वतःची कंपनी काढली. फक्त सरकारी नोकर आणि वरच्या श्रेणीचे फौजी यांनाच विमा द्यायचा, आणि तोही एजंटाशिवाय, थेट टपालाने. एजंटाचं कमिशन वाचलं की दर कमी ठेवता येतो. कंपनीचं नाव गव्हर्न्मेंट एम्प्लॉइज इन्शुरन्स कंपनी, म्हणजेच गायको. जाहिरातीतली ती हिरवी पाल पुष्कळ नंतरची, १९९९ ची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढे ती उलटी होणार आहे. एजंटाशिवाय, थेट विमा विकण्याची पद्धत सर्वांत सुरक्षित ग्राहकांसाठी सुरू झाली. टपालाने आलेल्या अर्जामागचा माणूस दिसत नाही, म्हणून आधीच चाळून घेतलेल्या माणसांनाच अर्ज पाठवायचे. ज्याची पारख करावी लागेल, ज्याला चार प्रश्न विचारावे लागतील, तो एजंटाने बघावा.

चाळणी नेहमी यूएसएएसारखी मजेशीर नव्हती. कित्येक कंपन्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरांना विमाच नाकारत. काही जास्त पैसे मागत, काही चालू पॉलिसी रद्द करत. चांगल्या रेकॉर्डचा डॉक्टर असला तरी त्याला काही फरक पडत नसे. त्या काळी ‘तुमच्या भागात आम्ही व्यवसाय करत नाही’ असं एजंट तोंडावर सांगायचा. एजंट म्हणजे आपुलकी, ओळख, आपला माणूस, असं जे चित्र आज रंगवलं जातं त्यात ही बाजू धरायला हवी. ओळखीचा फायदा ओळख असणाऱ्यालाच होतो.

मग नाकारलेल्यांचं काय करायचं? कायदा म्हणतो पुरावा दे, कंपनी म्हणते विमा देत नाही. या कोंडीवर न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये पहिला तोडगा काढला: वाटून घ्या. राज्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या बाजारातल्या हिश्श्याच्या प्रमाणात नाकारलेले ड्रायव्हर घ्यायचे. याला ‘असाइन्ड रिस्क’ योजना म्हणतात. शाळेत दंगेखोर पोरं प्रत्येक तुकडीत दोन-दोन वाटून द्यावीत तसं. हळूहळू बाकीच्या राज्यांनीही ही किंवा अशीच काही व्यवस्था उभी केली. मेरीलँडने तर सत्तरच्या दशकात त्यासाठी सरकारी विमा फंडच काढला.

कंपन्या ही पोरं नाइलाजाने घेत. पण जिथे नाइलाज असतो तिथे कुणाला तरी धंदा दिसतो. क्लीव्हलँडमध्ये जोसेफ लुईस आणि जॅक ग्रीन या दोन वकिलांनी १९३७ साली प्रोग्रेसिव्ह नावाची विमा कंपनी काढली होती. साधी, छोटी कंपनी. विम्याचे पैसे एकरकमी भरू न शकणाऱ्या कामगारांना त्यांनी हप्त्याची सोय दिली होती. १९५६ साली त्यांनी एक वेगळी कंपनी काढली आणि ती मुद्दाम वाईट ड्रायव्हरांसाठी. तर्क साधा होता. सगळे ‘वाईट’ ड्रायव्हर सारखे वाईट नसतात. एकाने एकदाच दारू पिऊन गाडी चालवलेली असते आणि त्यानंतर तो घाबरून सरळ झालेला असतो. दुसरा दर शनिवारी तेच करतो. बाकीच्या कंपन्या दोघांनाही एकाच टोपलीत टाकून फेकून देतात. ती टोपली उपसून त्यात बारीक वर्गवारी करता आली, तर त्यात पैसा आहे.

सगळ्यांना वर्गवारी जमली नाही. साठच्या दशकात जोखमीच्या ड्रायव्हरांसाठीच्या डझनावारी छोट्या कंपन्या बुडाल्या. काही अकार्यक्षम होत्या, काही सरळ लुटारू. हप्ते गोळा करायचे, दावे लांबवायचे आणि एक दिवस कुलूप लावायचं. १९६५ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीने यावर सुनावण्या घेतल्या. ग्राहकाच्या हातात पॉलिसी होती, अपघातही झाला होता, पण पैसे द्यायला कंपनी शिल्लक नव्हती. १९६९ नंतर राज्याराज्यांत हमी निधी उभे राहिले, ते या अनुभवातून. एखादी विमा कंपनी बुडाली तर बाकीच्यांनी वर्गणी काढून तिचे दावे भागवायचे.

या सगळ्या काळात ग्राहक आणि कंपनी यांच्यामध्ये उभा होता तो स्वतंत्र एजंट. अमेरिकेत एजंट दोन प्रकारचे. एक, स्टेट फार्मसारख्या कंपनीचा, फक्त तिचाच विमा विकणारा. दुसरा स्वतंत्र, पाच-दहा कंपन्यांचा विमा विकणारा. या दुसऱ्याची खरी मालमत्ता म्हणजे त्याची वही: कुठल्या ग्राहकाची पॉलिसी कधी संपते याची यादी. ही यादी कंपनीची नसून एजंटाची आहे, हे अमेरिकन न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मान्य केलं होतं. त्यामुळे कंपनी बदलली तरी गिऱ्हाईक एजंटाकडेच राहतं. एजंट इतका तग धरून का आहे, याचं उत्तर त्याच्या गोड बोलण्यापेक्षा या वहीत जास्त आहे.

जोखमीच्या ड्रायव्हरांचा एजंट सहसा गरीब वस्तीतल्या दुकानांच्या रांगेत सापडतो, शेजारी लाँड्री, पलीकडे चेक वटवून देणारा. काचेवर मोठ्या अक्षरांत एसआर-२२ लिहिलेलं असतं. तो रोख पैसे घेतो, आणि बँक खातं नसलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. स्पॅनिश बोलणाऱ्याशी स्पॅनिश बोलतो. गाडी विकून टाकलेल्या पण परवाना परत हवा असलेल्या माणसाला तो सांगतो की गाडी नसतानाही विमा घेता येतो. ‘नॉन-ओनर’ पॉलिसी घे, ती स्वस्त पडते, आणि एसआर-२२ तिच्यावरही दाखल होतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे माणसं महिनोन् महिने बिनापरवाना काढतात. हप्ता चुकला की एजंट फोन करतो, कारण पॉलिसी बंद पडली तर त्याचंही कमिशन बंद पडतं.

तोच एजंट वर ‘ब्रोकर फी’ लावतो. गाडी बंद पडल्यावर ओढून नेण्याची मेंबरशिप न सांगता पावतीत घुसवणारेही असतात. पाच कंपन्यांपैकी जी जास्त कमिशन देते तिचं नाव तो आधी घेईल याची शक्यता नाकारता येत नाही. आरटीओबाहेर झाडाखाली बसणाऱ्या माणसाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे मिश्रण समजावून सांगायची गरज नाही. तो लुबाडतोही आणि काम करूनही देतो, बऱ्याचदा एकाच पावतीवर.

दरम्यान चांगल्या ड्रायव्हरांच्या गायकोचं काय झालं? ती वाढत गेली, शेअर बाजाराची लाडकी झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकणारा वॉरन बफे १९५१ मध्ये एका शनिवारी तिच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसचं दार वाजवायला गेला होता. सत्तरच्या दशकात कंपनीने चाळणी सैल केली. सरकारी नोकर संपले, आता कुणीही चालेल. त्यातच महागाई भडकली आणि येणाऱ्या दाव्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम अपुरी निघाली. १९७५ मध्ये कंपनीने १२ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा दाखवला आणि १९७६ मध्ये ती बुडता बुडता वाचली. जॅक बर्न नावाच्या नव्या प्रमुखाने शाखा बंद केल्या, माणसं कमी केली, दर वाढवले. टपालाच्या लिफाफ्यातून अनोळखी माणूस पारखता येत नाही, हा धडा तेव्हा सगळ्या धंद्याने घेतला असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग उलटं झालं. ते करणारा होता जोसेफ लुईसचा मुलगा पीटर. १९६५ मध्ये त्याने कर्ज काढून प्रोग्रेसिव्ह आपल्या ताब्यात घेतली होती. हा माणूस विमाधंद्यातल्या टायवाल्या मंडळींत अजिबात शोभत नसे. गांजाचं समर्थन उघडपणे करायचा, त्यासाठी २००० साली न्यूझीलंडमध्ये अटकही झाली. वाईट ड्रायव्हरांना विमा विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख स्वतःच कुणाच्या तरी ‘जोखीम’ यादीत बसावा, यात काहीतरी न्याय आहे.

१९८८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. विम्याचे दर २० टक्के उतरवा, यापुढे दरवाढीला आधी परवानगी घ्या, आणि दर ठरवताना सर्वांत जास्त वजन ड्रायव्हिंगच्या रेकॉर्डला, मग वर्षाला किती मैल चालवता त्याला, मग अनुभवाला द्या. पत्ता वगैरे नंतर. कंपन्यांनी विरोधात प्रचंड पैसा ओतला होता, तरी हरल्या. पीटर लुईस तेव्हा आपला कॉलेजचा जुना सोबती राल्फ नेडर याला भेटायला गेला. हा तोच नेडर, ज्याने मोटार कंपन्यांना सुरक्षेवरून सळो की पळो करून सोडलं होतं आणि ज्याने १०३ ला पाठिंबा दिला होता. लोक तुमचा एवढा राग का करतात, या प्रश्नाचं उत्तर लुईसला तिथे मिळालं: कुणाचा दर किती आहे हे कुणालाच कळत नाही.

मग नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत प्रोग्रेसिव्हने एक वेडेपणा केला. फोन नंबर दिला आणि सांगितलं, फोन करा, आम्ही आमचा दर सांगू आणि आमच्या स्पर्धकांचेही सांगू, ते स्वस्त असले तरी. वरवर उदार वाटणाऱ्या या योजनेत गणित होतं. स्पर्धक ज्याला कमी दर देतोय तो ग्राहक आपल्या हिशोबाने तोट्याचा असेल, तर तो खुशाल तिकडे जाऊ दे. १९९५ मध्ये कंपनीची वेबसाइट आली आणि १९९७ मध्ये त्यावरून थेट पॉलिसी विकत घेता येऊ लागली. मोठ्या कंपन्यांत हे करणारी ती पहिली. थेट विक्री सर्वांत सुरक्षित माणसांसाठी सुरू झाली होती. इंटरनेटवर ती नेली सर्वांत जोखमीच्या माणसांच्या कंपनीने, कारण टोपली उपसून बारीक वर्गवारी करायची सवय तिलाच होती. एजंटाच्या नजरेची जागा आकड्यांचा तक्ता घेऊ शकतो, हे तिला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. एजंट मात्र तिने सोडले नाहीत. आजही ती दोन्ही दारांतून विकते.

पुण्यात बसून एका अमेरिकन विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मी जवळजवळ तीन वर्षं काम केलं आहे, म्हणून या तक्त्याबद्दल थोडं सांगतो. आमच्या भाषेत त्याला ‘रेटिंग इंजिन’ म्हणतात. नाव भारी आहे. आतून मात्र तो गुणाकारांचा लांबलचक साप असतो. मूळ दर, गुणिले वय, गुणिले पिनकोड, गुणिले गाडी, गुणिले मागच्या तीन-पाच वर्षांतले अपघात. त्यापुढे एक नियमसंच, जो ठरवतो की दर दाखवायचा की नाही. दारूचा एक गुन्हा असेल तर दर दाखवा, दोन असतील तर स्क्रीनवर लिहा की ‘आम्ही सध्या ऑनलाइन दर देऊ शकत नाही, कृपया फोन करा’. हा संदेश अमुक नियमामुळे आला हे लॉगमध्ये नीट लिहिलेलं असतं. ग्राहकाला मात्र ते दिसत नाही. पूर्वीच्या एजंटाने तोंडावर दिलेला नकार आणि हा सभ्य नकार यांत फरक आहेच: पहिल्याचं कारण ऐकणाऱ्याला कळत होतं.

गुणाकाराच्या सापात नव्वदच्या दशकात आणखी एक आकडा शिरला, क्रेडिट स्कोअरवरून काढलेला विमा स्कोअर. कर्ज वेळेवर फेडणारा माणूस दावे कमी करतो, असं कंपन्यांची आकडेवारी सांगते. तिचा परिणाम काय झाला? कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०१५ मध्ये केलेल्या तपासात फ्लोरिडात असं दिसलं, की स्वच्छ रेकॉर्ड पण वाईट क्रेडिट असलेला ड्रायव्हर, उत्तम क्रेडिट पण दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेल्या ड्रायव्हरपेक्षा वर्षाला सरासरी १,५५२ डॉलर जास्त भरत होता. पुन्हा वाचा. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीच्या विम्यासाठी क्रेडिट वापरता येत नाही. इतर बहुतेक ठिकाणी येतो. ‘जोखमीचा ड्रायव्हर’ या शब्दांतला ड्रायव्हर हळूहळू गळून पडला आणि गरिबी उरली, असं माझं मत आहे. कंपन्यांचं अर्थातच तसं नाही.

वेबसाइटने एजंट संपेल, अशी भविष्यवाणी गेली पंचवीस वर्षं होते आहे. गूगलने २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याची तुलना करणारं संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा एजंटांच्या छातीत धस्स झालं होतं. २०१६ मध्ये गूगलने ते गुंडाळलं. दर दाखवणं सोपं आहे, विमा विकणं अवघड. शिवाय ‘दर तुलना’ म्हणवणारी कितीतरी पानं तुलना करतच नाहीत. ती तुमचं नाव, फोन आणि ‘याला एसआर-२२ हवाय’ ही माहिती गोळा करतात आणि एजंटांनाच विकतात. पाच मिनिटांत फोन वाजायला लागतो. एजंटाला टाळून गेलेला माणूस फिरून एजंटाकडेच पोचतो, फक्त मधल्या मध्ये आणखी एकाने पैसे कमावलेले असतात.

मग कुणाकडे जावं? एकच गुन्हा असेल, बँक खातं असेल, क्रेडिट बरं असेल आणि आपल्याला काय हवं ते नक्की माहीत असेल, तर ऑनलाइन. तिथे तीन-चार कंपन्यांचे दर अर्ध्या तासात कळतात, आणि एकाच माणसासाठी दोन कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत असते. पण प्रकरण गुंतागुंतीचं असेल, म्हणजे गाडी नाही, परवाना दुसऱ्या राज्याचा, गुन्हे दोन, पैसे रोख, तर वेबसाइटचे रकाने अपुरे पडतात आणि समोर बसलेला माणूस लागतो. एजंटालाही भाव विचारावा, फी वेगळी लिहून मागावी, आणि दुसऱ्या एजंटाकडे जावं. निव्वळ भरवशावर दोन्हीकडे राहू नये.

आपल्या लोकांचा या सगळ्याशी संबंध येतो तो एका विचित्र जागी. पुण्या-मुंबईत दहा वर्षं गाडी चालवलेला मराठी माणूस न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये उतरतो तेव्हा बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात त्याचा अनुभव शून्य असतो. इथलं रेकॉर्ड नाही, क्रेडिट नाही. काहीही न करता तो जोखमीच्या रांगेजवळ उभा असतो. मग ऑफिसातल्या सीनियर देशपांड्यांनी सुचवलेला एक एजंट असतो, जो अशा नव्या आलेल्यांना घेणाऱ्या कंपन्या ओळखतो. तो बहुधा गुजराती असतो.

भारतात मात्र ही पूर्ण वर्गवारीच नाही. थर्ड पार्टी विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती आणि १९४६ पासून ती लागू झाली, म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या आधी. त्याचा दर सरकारी पातळीवर ठरतो, इंजिनच्या सीसीवरून. चालवणारा कसा आहे हा प्रश्नच त्यात नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात दावा न केल्याची सवलत मिळते, तेवढीच काय ती चांगल्या वागणुकीची दखल. आपल्याकडे सिग्नल तोडणारा आणि न तोडणारा सारखाच हप्ता भरतात. अमेरिकन वर्गवारी क्रूर वाटते खरी, पण पौड रोडवर संध्याकाळी सात वाजता मला तिची आठवण येते.

अमेरिकेत शेवटचं दार अजून तेच आहे. ऑनलाइन सगळीकडून नकार मिळालेल्या माणसासाठी असाइन्ड रिस्क योजना आजही चालू आहेत, आणि बहुतेक राज्यांत त्यांचा अर्ज ग्राहकाला स्वतः करता येत नाही. परवानाधारक एजंटामार्फतच तो जातो. एजंटाला त्यात फार कमिशन नसतं, म्हणून काही जण टाळतात. तीन वर्षं पुरी झाल्याचंही अनेकदा कुणी कळवत नाही. मोटार वाहन खात्याला आपण विचारायचं आणि तारीख लिहून घ्यायची. ती तारीख यायच्या आधी, स्वस्त दर दिसला म्हणून फोनवरून नवी पॉलिसी घेऊन जुनी बंद केली, आणि नव्या कंपनीचा एसआर-२२ पोचण्याआधी जुनीचा एसआर-२६ पोचला, तर मोजणी पुन्हा शून्यावर येऊ शकते. म्हणून आधी नवा कागद दाखल झाल्याची खात्री करून घ्यायची, आणि मगच जुनी पॉलिसी बंद करायची.